आवाज बंद झाल्याबाबत

४ मार्च

चि. शेपटास,
अनेक आशीर्वाद.

आधी शिव्या, मग खुशाली. मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. लहानपणी सारखा माझ्या मागे मागे फिरायचास म्हणून तुला शेपूट म्हणायचे, आता शेपटालाच शेपूट फुटलेलं दिसतंय. केबल कंपनीत चोर पकडायचं काम करतोस, म्हणून काय हाताला पेन लागत नाही?

माझं बरं चाललंय. तुमच्या त्या डबा लावून बघायच्या वाहिनीवर अजून मीच बोलते, "यानंतर पाहा" वगैरे. चेहरा कुणाला दिसत नाही ते बरंच आहे, सर्दीनं नाकाचा टोमॅटो झालाय.

परवा एक गंमत झाली. स्टुडिओतल्या साहेबांनी हातात एक चिठोरा दिला. त्यावर एवढंच होतं: "तुम्ही आहात ना तिथे? मग उशीर कशाला? आत्ता या नंबरवर फोन करा. तुमच्यासाठी एक भेट ठेवलीय. मी वाट बघतेय." खाली नंबर. भेट कसली, जाहिरात कुणाची, काही पत्ता नाही. मी आपली नेहमीच्या सुरात वाचली. साहेब म्हणाले, "नको, दुकानदार वाटतेस. घरातलं माणूस रुसून बसलंय आणि तू त्याला हाक मारतेयस, असं म्हण." मग एक रुसलेलं माणूस डोळ्यांसमोर आणलं आणि म्हटलं. एका दमात झालं. कुणाला आणलं डोळ्यांसमोर, ते विचारू नकोस.

म्हातारबुवा कसे आहेत? मी विचारलं असं त्यांना सांगायचं नाही. घर सोडताना दारात काय म्हणाले ते तुलाही पाठ आहे. "आवाज विकायला निघालीस ना? मग तुझा आवाज या घरात पुन्हा ऐकू यायला नको." नको तर नको! मी आज्ञाधारक मुलगी आहे. पहिला फोन ते करतील तेव्हाच माझं तोंड उघडेल. आई असती तर दोघांनाही एकेक ठेवून दिली असती.

ताई

----

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

अगं, तू काय करून बसलीस तुला माहीत आहे का? तुझं पत्र वाचून मी ऑफिसात एकटाच खो खो हसत सुटलो. ती जाहिरात आमचीच आहे!

नीट ऐक. तुमच्या वाहिनीच्या चित्राच्या आम्ही चिंध्या करतो आणि मग ते तारेतून सोडतो. आमचा डबा त्या चिंध्या पुन्हा शिवतो. ज्याच्याकडे डबा नाही त्याला नुसते पट्टे उड्या मारताना दिसतात. आता बाजारात चोरटे डबे आलेत, ते शोधायचे कसे? मीटर घेऊन गल्लीगल्ली फिरलो, खांबांवर चढलो, कुत्री मागे लागली. मग आमच्या साहेबांनी डोकं लढवलं. खऱ्या डब्यांना ऑफिसातून एक इशारा जातो, त्यासरशी ते तेवढ्यापुरतं दुसरंच काहीतरी दाखवतात. चोरट्या डब्याला इशारा कळत नाही, त्याला तुझी जाहिरात दिसते. म्हणजे जो फोन करील तो चोर! आपणहून नाव-पत्ता सांगतो बिचारा. फोनवर भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ सांगतात, आणि घड्याळाचा खोका घेऊन दारात जातो आम्ही. थोडक्यात, तुझा तो लाडिक आवाज फक्त चोरांसाठी आहे.

रविवारी बाबांकडे जाऊन आलो. टायपिंगचा क्लास बंद केला तरी मशीनं रोज पुसतात, वर आवरणं घालतात. टीव्हीवरही टॉवेल टाकून ठेवलाय! मी दिलेलं साधं कनेक्शन आहे, पण बघतच नसावेत. म्हटलं, कर्मचाऱ्यांना मिळतो तो डबा बसवून देऊ का? तर म्हणाले, "चित्रात काय बघायचंय?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

तुझ्याबद्दल काही बोलले नाहीत. खोटं कशाला सांगू. जिना चढताना थांबतात हल्ली, धाप लागते. डॉक्टरचं नाव काढलं की खेकसतात.

तुझं शेपूट

----

२२ मार्च

शेपटा,

तुला हसू आलं, मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. गळाला गांडूळ लावतात तसा माझा आवाज लावलात की रे! आणि मी मूर्ख, जीव ओतून म्हटलं. कुणी बिचारा संध्याकाळी घरी एकटा बसला असेल, त्याला वाटलं असेल, चला, कुणीतरी आपली वाट बघतंय. धावत जाऊन फोन केला असेल. आणि दारात कोण, तर तू, पक्कड घेऊन! लाज नाही वाटत? फोन किती आले ते सांगू नकोस मला. नाही, सांग.

आणि त्या टॉवेलाचं बरं सांगितलंस. तुला कळत नसेल, मला कळतं. मी टीव्हीवर बोलते हे त्यांना तूच सांगितलं होतंस. तो टॉवेल टीव्हीवर नाही, माझ्या तोंडावर टाकलाय. मी त्यात दिसतसुद्धा नाही, तरी टाकलाय. इतका राग धरतं का रे कुणी आपल्या पोटच्या पोरीवर?

मी काही चोरी केली नव्हती. मला बोलायला आवडायचं, बोलायला गेले. लहानपणी कुणी शिकवलं बोलायला? त्यांनीच ना? टायपिंगच्या पोरांना मजकूर सांगायला मला खुर्चीवर उभी करायचे. मी सांगायची, पोरं टकटक करायची, आणि हे मागे उभे राहून ऐकायचे. सगळं विसरले.

जाऊ दे. धाप कसली लागते म्हणालास? डॉक्टरकडे ने. ओढत ने. माझं नाव सांगू नकोस.

ताई

----

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला कारण काय लिहावं कळत नव्हतं. हे पत्र बसून वाच. एकटी असशील तेव्हाच वाच.

फोन भरपूर आले. फोन घेणारी मुलगी चहाच्या वेळी सगळ्यांना किस्से सांगत होती. एक बाई म्हणाल्या, घड्याळ नको, दोन मिक्सर द्या. एकानं तर चक्क विचारलं, घरचं कनेक्शन चोरीचं असलं तर चालेल का? आम्ही हसून लोळत होतो. मग ती म्हणाली, "आणि एक आजोबा तर रेडिओच मागत होते! मी म्हणतेय घड्याळ, ते म्हणतात रेडिओ."

ताई, माझ्या हातातला कप तसाच राहिला.

फोन टेप होतात, पुरावा म्हणून. मी ती टेप मागितली आणि आतल्या खोलीत जाऊन लावली. बाबांचा आवाज. औषधांच्या दुकानातून केला असावा, मागे गिऱ्हाइकं बोलत होती. नाव-पत्ता अगदी सावकाश सांगितला, स्वल्पविरामासकट, क्लासमध्ये सांगायचे तसा. मग म्हणाले, "आमचा रेडिओ आहे का हो तिथे?"

"रेडिओ?"

"आत्ता बोलली ना ती. फोन करा म्हणाली. वाट बघतेय म्हणाली."

"नाही आजोबा, रेडिओ नाही, घड्याळ मिळेल. भिंतीवरचं."

पुढे बराच वेळ नुसती दुकानातली गडबड. मग बाबा म्हणाले, "बरं. कामात असेल. तिला त्रास नका देऊ." आणि फोन ठेवला.

आपल्या घरात तुला रेडिओ कोण म्हणायचं? दिवसभर बडबड करायचीस म्हणून? आई नाही, मी नाही. एकटे बाबा.

साहेबांना म्हटलं, हा पत्ता मी बघतो. माझे वडील आहेत हे सांगितलं नाही. डोक्यात वेगळंच भूत. वाटलं, बाबांनी चोरटा डबा बसवला! आयुष्यभर परक्याची टाचणीसुद्धा न उचललेला माणूस! घड्याळाचा खोका घेऊन गेलो. दार न वाजवता आधी क्लासच्या खिडकीतून पाहिलं, चोराच्या घरी पाहतो तसंच. मेलं कामच असलं.

मशीनं आवरणाखाली. टीव्हीवर टॉवेल. पण टॉवेलाच्या खालून उजेड उड्या मारत होता. टीव्ही चालू होता, ताई. डबा नव्हता. चित्राच्या चिंध्याच होत्या, त्या डोळ्यांना त्रास देतात म्हणून वर टॉवेल टाकलेला. आवाज मात्र स्वच्छ येत होता. आम्ही चित्र फाडतो, आवाज तसाच सोडतो, ही गोष्ट आमच्या एवढ्या मोठ्या कंपनीत कुणाच्याही ध्यानात आली नव्हती. चित्राशिवाय कोण बसेल ऐकत?

बाबा बसले होते खुर्चीत, अगदी ताठ. तू बोलत होतीस. "यानंतर पाहा" म्हणालीस. आणि त्यांची दहाही बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती. तू सांगत होतीस तो मजकूर ते टाइप करत होते. तू थांबलीस की थांबायचे. तू संपवलंस तेव्हा डाव्या हातानं ते मशीनचं दांडकं सरकवतात ना ओळ संपल्यावर, तसा हात हवेत सरकवला.

मग "बाबा" अशी हाक मारली तर असे दचकले! बिडी लपवावी तसा टीव्ही बंद केला. माझ्या हातातला खोका पाहिला आणि सगळं समजले. म्हणाले, "मी घड्याळ मागितलं नव्हतं."

"कंपनीनं दिलंय."

"लाव मग कुठेतरी."

मी खिळा ठोकला, त्यांनी चहा केला. मग पाणीटंचाईवर बोललो. तुला माहीत आहे आपलं घर, ज्या गोष्टीनं जीव जातो ती सोडून सगळ्यावर बोलायचं. निघताना चपला घालत होतो तेव्हा हळूच म्हणाले, "तुमच्यात ती फोन घेणारी आणि ती टीव्हीवर बोलणारी, एकाच खोलीत बसतात का रे?" मी म्हटलं, "नाही बाबा, फार लांब असतात एकमेकींपासून." "अस्सं," म्हणाले. "मला वाटलं, हाक मारली असती तर आली असती फोनवर."

ऑफिसात आल्यावर रिपोर्ट लिहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी नको, म्हणून अगदी स्पष्ट लिहिलं: घरात डबा नाही, ग्राहक चित्र बघत नाही, आवाज आपणच उघडा सोडतो, दोष आपल्या पद्धतीचा आहे. साहेब खूश झाले. पाठीवर थाप मारून म्हणाले, हे बरं लक्षात आणून दिलंस. बाबा सुटले. तेवढं तरी हातून चांगलं झालं.

ताई, पहिला फोन त्यांनी करायचा अशी तुझी अट होती ना? केला त्यांनी. आता ये. मी सोमवारपासून लांबच्या केंद्रांच्या दौऱ्यावर जातोय, कधी परत येईन नक्की नाही. तू मात्र ये. त्यांची धाप मला बरी वाटत नाही.

तुझं शेपूट

----

१६ एप्रिल

माझ्या शेपटा,

पत्र स्टुडिओच्या जिन्यावर वाचलं. तिथेच बसून रडले, येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

तुला सांगू, त्या दिवशी कुणाला डोळ्यांसमोर आणलं होतं? त्यांनाच. खुर्चीत रुसून बसलेत आणि मी दारातून विचारतेय, तुम्ही आहात ना तिथे? आणि ते खरंच तिथे होते रे! आणि उठून, चपला घालून, औषधांच्या दुकानापर्यंत धापा टाकत गेले असतील. तिथे त्यांना कुणी घड्याळ देऊ केलं. देवा!

तो टॉवेल मी काय समजले आणि निघालं काय. माझ्या तोंडाला आग लागो.

रजा मागितली. महिनाअखेरपर्यंत मिळत नाही, बदली बाई नाही. औषधांच्या दुकानात फोन करून त्यांना बोलावणं पाठवावं म्हणून नंबरही मिळवला, पण हात धजत नाही. असं अचानक बोलणं त्यांना जमणार नाही, मलाही नाही. त्यांना माझा आवाज जिथे ऐकायची सवय आहे तिथेच बोलते. रविवारी, २८ तारखेला, दुपारच्या चित्रपटाआधीचं निवेदन थेट जातं, टेपवर नसतं. त्यात एक वाक्य घुसडणार आहे. पाठ केलंय: "आमच्या एका जुन्या श्रोत्यांना निरोप. तुमचा रेडिओ दुरुस्त झालाय. घरी कधी आणून देऊ, ते कळवा." आणि पुढे स्टुडिओचा नंबर. दुनियेला वाटेल कुठल्या तरी दुकानाची जाहिरात. त्यांना बरोब्बर कळेल. साहेब ओरडले तर ओरडू देत.

तू त्यांना आधी काही सांगायचं नाहीस, शपथ आहे. त्यांना एकट्यानं ऐकू दे. त्यांनी "ये" म्हटलं की मी पहिल्या गाडीत बसते. आणि नाहीच म्हणाले तर... नाही म्हणणार नाहीत ना रे? दहाही बोटं चालत होती म्हणालास ना?

मला लहान झाल्यासारखं वाटतंय. खुर्चीवर उभी केलीय आणि मजकूर सांगायचाय.

तुझी ताई

----

६ मे

शेपटा,

दौरा संपला नाही का तुझा? की तोंड लपवून बसलायस?

बोलले मी. रविवारी, ठरल्याप्रमाणे. एक अक्षर अडखळले नाही. मग जाऊन फोनजवळ बसले. दुपार गेली. संध्याकाळ गेली. मनाला म्हटलं, दुकान रविवारी बंद असेल. सोमवारी बसले. मंगळवारी साहेबांनी बोलावून विचारलं, कसला रेडिओ, कुठलं दुकान, किती मिळाले तुला? काय सांगणार? म्हटलं, माझ्या वडिलांसाठी होतं. हसले. शुक्रवारी हिशेब हातात ठेवला आणि जा म्हणाले.

नोकरीचं दुःख नाही. पण सगळ्या जगासमोर मी त्यांना हाक मारली आणि त्यांना दुकानापर्यंत चालवलं नाही? घड्याळाच्या जाहिरातीसाठी चालवलं! का तू मला बरं वाटावं म्हणून रचून लिहिलं होतंस सगळं? खरं सांग. ती बोटं, तो हात हवेत सरकवणं, सगळं तुझ्या मनचं होतं का?

माझं झालं आता. एक फोन त्यांचा, एक हाक माझी. फिटंफाट. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतू?

ताई

----

९ मे

ताई,

आज परत आलो. टेबलावर तुझी दोन्ही पत्रं एकावर एक. आधी १६ तारखेचं वाचलं आणि आनंदानं उडालो. मग ६ तारखेचं वाचलं, आणि मग बाजूला पडलेलं कंपनीचं परिपत्रक वाचलं.

मी काहीही रचून लिहिलं नव्हतं. आईची शपथ.

बाबांनी तुझं वाक्य ऐकलं नाही. त्यांना ऐकूच आलं नाही. २२ एप्रिलपासून कंपनीनं आवाजाच्याही चिंध्या करायला सुरुवात केलीय. डबा नसलेल्या घरात आता चित्र नाही आणि आवाजही नाही, नुसती खरखर. परिपत्रकात लिहिलंय, "तपासणी पथकाच्या अहवालावरून." तो अहवाल माझा, ताई. बाबांना वाचवायला लिहिलेला. करायला गेलो एक आणि झालं हे. तू बोललीस तेव्हा ते समोरच बसले असतील, टॉवेल टाकून, कानात प्राण आणून, आणि मी मधे उभा होतो.

उद्या पहाटेच्या गाडीनं जातोय. खरा डबा बरोबर घेतोय. सगळं सांगतो त्यांना. शपथ मोडतो तुझी. तू रागावू नकोस, तूही नीघ. वाट बघू नकोस.

तुझं शेपूट

----

३ जून

ती. ताईस,
सा. न.

तू बाबांच्या घरीच थांबलीस ते बरं केलंस. मला रजा वाढवून मिळाली नाही. तुला तिथे एकटं सोडून येताना पाय निघत नव्हता.

शेवटचे दिवस कसे गेले ते तू विचारलंस आणि तेव्हा मी टाळलं, म्हणून लिहितो. मी गेलो तेव्हा शेजारच्या काकू त्यांना इस्पितळात घेऊन गेल्या होत्या. आदल्या दिवशीच. टीव्ही चालूच होता म्हणाल्या, खरखर ऐकून त्या आत आल्या, तर हे खुर्चीत कलंडलेले. मी स्टुडिओत फोनवर फोन केले. "त्या आता इथे काम करत नाहीत." घरी तुझ्या फोन नाही. तार केली, ती तुला दोन दिवसांनी मिळाली. तू आलीस तोवर सगळं आटोपलं होतं. हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते एवढंच: मी त्यांच्या कानाला तोंड लावून तुझं वाक्य म्हटलं. रेडिओ दुरुस्त झालाय, घरी कधी आणू? पुन्हा पुन्हा म्हटलं. डोळे मिटलेलेच होते. त्यांनी ऐकलं, असं मी तुला सांगू शकलो असतो. पण आता तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

आज तक्रार विभागातून एक कागद माझ्याकडे आला. आमच्या भागातला आहे म्हणून पाठवला, एवढंच. त्यांना काय कल्पना. सोबत जोडतोय. बाबांनी स्वतः टाइप केलाय. क्लासमध्ये एक खोडाखोड झाली की पूर्ण पान पुन्हा करायला लावायचे, आठवतं? यात एका ठिकाणी खोडलंय. "माझी मु" एवढं टाइप करून त्यावर फुल्या मारल्यात आणि पुढे "सदर बाई" असं केलंय. पान पुन्हा केलं नाही. दमले असतील.

तुझं शेपूट

(सोबत)

दिनांक ३० एप्रिल

प्रति,
मा. तक्रार विभाग यांस,

विषय : निवेदिकेचा आवाज बंद झाल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की, माझ्याकडे आपला डबा नाही. तरीही मी आपल्या वाहिनीवरील निवेदिका बाईंचा आवाज नियमित ऐकत होतो, हे कबूल करतो. चित्र पाहिलेले नाही. याबद्दल जो दंड होईल तो भरण्यास तयार आहे.

मध्यंतरी सदर बाईंनी फोन करण्यास सांगितल्यावरून मी फोन केला होता. त्यानंतर काही दिवसांनी त्यांचा आवाज येण्याचे बंद झाले. रविवारी दुपारी मुद्दाम बसून पाहिले, सुधारणा नाही.

माझ्या फोनमुळे त्यांना राग आला असल्यास, मी पुन्हा फोन करणार नाही, अशी हमी देतो. त्यांना मी पूर्वी एक वाक्य बोललो होतो, ते मागे घेत आहे. त्यांची प्रकृती बरी आहे किंवा कसे, एवढेच कळवावे. तसेच शक्य झाल्यास आवाज पूर्ववत सुरू करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
अर्जदार

----

१२ जून

माझ्या शेपटा,

अर्ज पोचला. क्लासमध्ये त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहून मोठ्यानं वाचला. स्पष्ट, सावकाश, स्वल्पविरामासकट. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच इथे माझा आवाज इतका मोठा झाला. "ते मागे घेत आहे" इथपर्यंत नीट वाचलं. पुढचं वाचता आलं नाही, खाली बसले.

तू स्वतःला खाऊ नकोस. बाबांना वाचवायलाच लिहिलंस ना? मग झालं. दोष द्यायचाच तर माझ्या अटीला दे. पहिला फोन कुणी करायचा, म्हणे! शहाणी! औषधांच्या दुकानाचा नंबर माझ्या पर्समध्ये होता. एप्रिलपासून होता. अजून आहे.

काकू येऊन बसतात. मशीनं रोज पुसते. टॉवेल धुतला नाही. तो डबा तू बसवून गेलास, त्यात आता दुसरीच कुणी बाई बोलते. चांगलं बोलते. मी बंद केला. घड्याळ चालू आहे, त्याची टकटक तेवढी घरात असते.

एक मागणं आहे. ती टेप. माझ्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही रे. माझा त्यांनी रोज ऐकला, त्यांचा माझ्याकडे एक शब्द नाही, दारातलं ते वाक्य सोडून. तुमचे साहेब देणार नाहीत, पुरावा म्हणून कुलपात असेल. मग चोरून आण. आयुष्यभर चोर पकडलेस, एकदा माझ्यासाठी चोरी कर.

मला ती मोठ्यानं लावायचीय, याच खोलीत. ते विचारतील, आमचा रेडिओ आहे का हो तिथे? आणि ती मुलगी घड्याळ मिळेल म्हणायच्या आत, मला म्हणायचंय, "आहे, बाबा. इथेच आहे."

तुझी ताई